‘कडीकोयंडा’मधली बाई

"आता येईल बघ तुझी बाई," हेमंत म्हणाला आणि त्यानं मुद्दाम उठून खिडकीचा पडदा ओढून घेतला.

रविवारची दुपार होती. कोल्हापुरात हेमंतच्या घरी जेवणं आटोपली होती, पांढऱ्या रश्श्यानं डोळे जड झाले होते, आणि चाळिशी ओलांडलेली आम्ही दोघं आतेमामे भावंडं टीव्हीसमोर शाळकरी पोरांसारखी मांडी ठोकून बसलो होतो. मागं खुर्चीत आत्या, म्हणजे हेमंतची आई, सुपारी कातरत होती. आईविना मला तिनंच वाढवलं, त्यामुळं तिच्यावर हक्क कुणाचा जास्त यावरून माझी आणि हेमंतची भांडणं अजून मिटलेली नाहीत. त्या रविवारला आता आठेक वर्षं झाली.

समोर ‘कडीकोयंडा’ लागली होती. आमच्या लहानपणी गुरुवारी संध्याकाळी लागणारी भुताखेतांची मालिका. सुरुवातीला एका जुन्या दाराची कडी आपोआप निघायची, दार किरकिरायचं आणि आत काळोखाशिवाय काहीच नसायचं. एवढ्यावरच आमच्या साखर कारखान्याच्या कॉलनीतल्या निम्म्या पोरांची बोबडी वळायची. उरलेली निम्मी आमच्यासारखी, उशीच्या आडून एका डोळ्यानं बघणारी. कुणा हौशी माणसानं जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून ते भाग उतरवून इंटरनेटवर टाकले होते, आणि हेमंतला ते सापडल्याबरोबर त्यानं मला सांगलीला फोन केला होता. "उजे, सापडली! तुझी बाई सापडली!"

माझी बाई म्हणजे काय, ते सांगायला हवं.

मी सात वर्षांची असताना या मालिकेच्या एका भागात मी एक बाई पाहिली होती. ती खिडकीबाहेर होती. दोन्ही हातांनी तिनं गज धरले होते आणि तिचा चेहरा निम्मा आपल्यासारखा, निम्मा पांढराफटक होता, पिठात बुडवून काढल्यासारखा. ती माझ्याकडं बघून म्हणाली होती, "बाळा, इकडं ये गं." बास, एवढंच. मी अशी किंचाळले की कारखान्याच्या पाळीवरून परतणारी माणसं रस्त्यात थांबली म्हणे. मग मला सणकून ताप भरला, आत्यानं दृष्ट काढली, दंडात काळा दोरा बांधला, आणि "उजू टीव्ही बघून घाबरली" हा किस्सा आमच्या घराण्यात प्रत्येक लग्नाकार्यात मिठाईबरोबर वाटला जाऊ लागला.

मीही हसायचे. पण दिवेलागण झाली की तेव्हापासून माझ्या घरातली एकही खिडकी उघडी राहिलेली नव्हती. शाळेत मी आठवी-नववीला भूगोल शिकवते, पोरांना ज्वालामुखी समजावून सांगते, आणि घरी येऊन पडद्याच्या फटी पिनांनी बंद करते. नवऱ्यानं माझ्यासाठी तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. तिसऱ्या मजल्यावर कोण बाई येऊन उभी राहणार, असा त्याचा बिचाऱ्याचा हिशेब. आता मात्र त्यानं गावाकडं घर बांधलं होतं, बैठं, चारी बाजूंनी मोठ्या खिडक्यांचं, आणि दिवाळीनंतर तिथं राहायला जायचं होतं. मी काही ना काही सबबी सांगून ते लांबवत होते. शेवटी आमची रेवा म्हणाली, "आई, एकदा तो एपिसोड बघून टाक. पुठ्ठ्याचं भूत असेल. हसशील आणि सुटशील."

सुटायलाच आले होते मी. त्या बाईला भरदुपारी, भावाशेजारी बसून, डोळे उघडे ठेवून बघायचं आणि तिचा कायमचा निकाल लावायचा.

"कशाला बाई ती भुतं परत घरात आणताय?" आत्या मागून म्हणाली.

"आई, तू गप बस की. हिचं भूत आज उतरवायचंय," हेमंत म्हणाला.

गोष्ट सुरू झाली. माळावरचं एक विश्रामगृह. एक साहेब मुक्कामाला येतो. कंदील घेतलेला चौकीदार त्याला सांगतो, "साहेब, त्या शेवटच्या खोलीत कुणी राहत नाही." आणि साहेब अर्थातच त्याच खोलीत राहतो. मला एकेक गोष्ट आठवत गेली. कंदिलाची काच तडकलेली. दारात बसलेलं मांजर. चौकीदाराची मिशी एका बाजूनं सुटली होती, ते काही तेव्हा कळलं नव्हतं. हेमंत हसून हसून लोळत होता. मीसुद्धा हसले.

साहेब आंघोळीला जातो, नळातून लाल पाणी येतं, आणि मग तो खोलीत येऊन खिडकीकडं बघतो. त्या जागी माझं हसणं बंद झालं.  मी हेमंतचं मनगट धरलं.

"आली, आली," तो कुजबुजला.

खिडकी दिसली. बंद काचांची, दोन झडपांची खिडकी. साहेबानं ती उघडली. बाहेर काही नव्हतं. त्यानं लावली. मी वाट बघत राहिले. तो झोपला, उठला, खोलीभर फिरला. बाई काही येईना. नाही येत म्हटल्यावर धीर यायला हवा ना? माझं उलटं होत होतं. ती आली असती तर मी घाबरले असते आणि मोकळी झाले असते. ती येत नव्हती आणि माझी नजर पुन्हापुन्हा हेमंतनं ओढलेल्या पडद्याकडं जात होती. शेवटी साहेब पळत बाहेर येतो, चौकीदाराला मिठी मारतो, आणि चौकीदाराच्या अंगरख्यात कुणी नसतंच. नुसता कंदील हवेत. संपलं. पडद्यावर नावं सरकायला लागली.

"अरे, बाई कुठाय?" मी म्हणाले.

"नाही बुवा. दुसऱ्या भागातली असेल."

"नाही रे. हाच तो. मांजर, कंदील, सगळं हेच."

"च्यायला, चौकीदारच भूत!" हेमंत आपल्याच नादात होता. "चला, इतक्या वर्षांनी शेवट तरी कळला."

"कळला म्हणजे? तेव्हा पाहिला होता की आपण."

"कुठला पाहिला? तो साहेब आंघोळीला गेला आणि आपली लाइट गेली नव्हती का? मी किती रडलो होतो त्या दिवशी. आईनं मला शेजारी बघायला पाठवलं, त्यांची पण गेलीय का म्हणून. त्यांची होती. आपलाच फ्यूज उडाला होता. मी म्हटलं, आता इथंच बसून उरलेलं बघावं, तर तेवढ्यात तुझी किंकाळी आली आणि मी पळत घरी."



"म्हणजे मी ओरडले तेव्हा टीव्ही बंद होता?"

"लाइट नाही तर टीव्ही कसा चालेल, मास्तरीणबाई?" तो हसला. मग त्याच्याही काहीतरी लक्षात आलं असावं. त्यानं हसणं अर्धवट सोडलं.

मागं अडकित्त्याचा आवाज थांबला होता.

मी डोळे मिटले. खरं सांगते, त्या क्षणी मला जी भीती वाटली तशी आयुष्यात कधी वाटली नव्हती. इतकी वर्षं ती बाई टीव्हीत होती. टीव्हीतली बाई कितीही भयंकर असली तरी काचेपलीकडं असते. आता ती तिथून बाहेर आली होती. मला आमचं क्वार्टर दिसलं. बाहेरच्या खोलीत अंधार. आत्यानं पेटवून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेली चिमणी. तिच्या ज्योतीपलीकडं उभे गज, हिरव्या रंगाचे, कारखान्यानं सगळ्या क्वार्टरना दिला होता तो रंग. आणि गजांमागं, आमच्या कर्दळीत उभी असलेली ती.

"चहा टाकू का?" आत्या म्हणाली. गुडघ्यांमुळं ती वर्षभर स्वयंपाकघरात गेलेली नव्हती.

"आत्या, ती बाई कोण होती?"

"कुठली बाई? टीव्हीतली?"

"टीव्ही बंद होता. आत्ताच ऐकलंस तू. आपल्या खिडकीत कोण आलं होतं?"

"असेल कोणतरी. गुरांना घालायला कारखान्याची मळी मागायला येत होत्या बायका."

"मला बाळा म्हणाली ती."

आत्यानं अडकित्ता मांडीवर ठेवला.  हेमंत उठून तिच्याजवळ गेला, तर तिनं त्याला हातानंच दूर केलं.

"आता काय करायचंय तुला ते," ती म्हणाली. "तुझा संसार झाला, पोर मोठी झाली."

"मी तिला भिऊन जगलेय आत्या. इतकी वर्षं. मला कळायला हवं."

तिनं मांडीवरचा सुपारीचा चुरा झटकला. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुझी आई होती ती."

हे ऐकून माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि तो का आला ते आधी सांगते. आई त्या किंकाळीच्या आदल्या वर्षी गेली होती. मी सुट्टीला काकांकडं गेले होते, परत आले तर घरात आई नव्हती, आत्या आणि हेमंत सामानासुमानासह राहायला आलेले होते. आत्यानं मला पोटाशी धरलं आणि म्हणाली, "बाळा, तुझी आई गेली गं." मी रडले, सगळ्यांनी मला जवळ घेतलं. अण्णा, माझे वडील, त्यानंतर तिचं नाव काढलं की उठून जायचे. पुढं ते कारखाना बदलून पार नगरकडं गेले आणि नवीन जागी मी आई गेलेली मुलगी म्हणूनच वाढले. त्यामुळं आत्या आता जे म्हणाली त्याचा माझ्यापुरता एकच अर्थ झाला. भूतच होतं ते. आईचं.

"म्हणजे आई गेल्यानंतर ती..." मी खिडकीच्या ओढलेल्या पडद्याकडं बघितलं.

"मी गेली म्हणाले, उजू," आत्या म्हणाली. "मेली असं मी कधी म्हणाले नाही."

हेमंतनं टीव्ही बंद केला.

"कोड आलं होतं तिला," आत्या सांगायला लागली. एकदा सुटली तशी ती थांबेना. "आधी मनगटावर, रुपयाएवढं. मग मानेवर. औषधं केली, लेप झाले. कॉलनीतल्या बायका तिच्या हातचं हळदीकुंकू घेईनात. मीच अण्णाला म्हणाले, चेहऱ्यावर आलं की सगळ्या गावाला कळणार. पोरीची जात. उद्या हिचं लग्न कसं जमायचं? आईला कोड म्हटल्यावर दारात कोण उभं राहील? तिलाही तेच पटलं. पटलं म्हणजे काय, मीच पटवलं. तुझ्या भल्यासाठी म्हटल्यावर ती कशालाही तयार झाली असती. तू परत यायच्या आत ती निघाली."

"आणि मला सांगितलं, गेली."

"दुसरं काय सांगणार होते? गेलीच होती ना ती. तुझा तू अर्थ घेतलास. मला वाटलं, बरं झालं. खोटंही बोलावं लागलं नाही."

"मग खिडकीत?"

"अधूनमधून यायची. अंधार पडला की कर्दळीत उभी राहायची आणि दिव्यात तुला बघून जायची. मला माहीत असायचं. मी मुद्दाम तुला खिडकीसमोर बसवायची वेणी घालायला. त्या दिवशी लाइट गेली आणि तिला आतलं काही दिसेना. मी चिमणी कट्ट्यावर ठेवली आणि दुसरी पेटवायला आत गेले. ती पुढं आली असेल, राहवलं नसेल तिला. तोवर निम्मा चेहरा गेला होता तिचा. तू भूत भूत म्हणून ओरडलीस. मी मागच्या दारानं धावले तर ती कर्दळीतच खाली बसलेली. म्हणाली, वन्सं, मी आता हिला पुन्हा तोंड दाखवणार नाही."

आत्या पदरानं डोळे पुसायला लागली. मला तिचा इतका राग आला होता की तिला रडताना बघवतही नव्हतं आणि तिथून उठताही येत नव्हतं.

"माझं लग्न झाल्यावर तरी सांगायचंस."

"मग रेवा झाली. तिचंही व्हायचंय ना अजून."

"मग ती कुठं गेली?"

"गेली," आत्या पुटपुटली.

सगळं आयुष्य मी या शब्दापाशी थांबत आले होते. त्याच्या पुढं विचारायचंच नसतं, अशी आपली रीत. त्या दुपारी पहिल्यांदा मी विचारलं, "गेली म्हणजे कुठं, आत्या?"

"आजऱ्याला. भावाकडं." मग आणखी हळू आवाजात ती म्हणाली, "आहे अजून. गेल्या महिन्यात फोन होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमंतनं गाडी काढली.  आई जिवंत आहे म्हटल्यावर माणसाला आनंद व्हावा. मला आनंद होत होता की नाही ते सांगता येणार नाही, कारण भीतीनं दुसऱ्या कशाला जागाच ठेवली नव्हती. तो चेहरा इतकी वर्षं माझ्या पापण्यांआड राहिला होता. दिसला की ओरडायचं, हे माझ्या अंगानं माझ्या नकळत पाठ केलं होतं. तो समोर आला आणि मी पुन्हा ओरडले तर? ती एकदा कर्दळीत बसली होती. आता या वयात ती कुठं बसेल? गडहिंग्लज मागं पडलं तेव्हा मी हेमंतला गाडी वळव म्हणाले. त्यानं रस्त्याकडेला थांबवली, मला पाणी दिलं, आणि पुन्हा पुढंच घेतली.

आजऱ्यात घर सापडायला वेळ लागला नाही. मामा वारले होते. त्यांच्या सुनेनं मला नखशिखांत न्याहाळलं आणि परसातल्या खोलीकडं बोट दाखवलं. हेमंत अंगणातच थांबला.

दार उघडंच होतं. आत शिलाई मशिनवर वाकलेली एक म्हातारी बाई दाराकडं पाठ करून बसली होती.

"ब्लाउज झालेला नाही गं अजून," ती म्हणाली. "संध्याकाळी ये."

"मी उजू," मी म्हणाले.

मशिनचं चाक थांबलं. ती वळली नाही. तिनं दोन्ही हातांनी पदर डोक्यावरून ओढला, पुढं घेतला, आणि चेहऱ्यावर घट्ट धरला. हात कोपरापर्यंत पांढरे होते.

"कुणी सांगितलं?" तिनं विचारलं.

"आत्यानं."

"बस. अशी माझ्या मागंच बस. तिथं स्टूल आहे बघ." थोड्या वेळानं म्हणाली, "जेवलीस?"

"नाही."

"चार दिवस ताप होता म्हणे तुला. वन्संनी कळवलं होतं. फार भ्यायली होतीस का गं?"

"हो."

"आता तर सगळंच पांढरं झालंय. निम्मं निम्मं काही राहिलं नाही." ती हे इतक्या साधेपणानं म्हणाली की मला भरून आलं. "तू बोल. मी अशीच बसते. मला ऐकायला येतंय चांगलं."

मी स्टूलवर बसले. तिच्या पाठीवर हात ठेवावा असं फार वाटत होतं, आणि हात उचलवत नव्हता. भीती वाटत नाही असं म्हणणं सोपं होतं. पण इतक्या वर्षांनी पहिल्याच भेटीत तिच्याशी खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं.

"आई, मला भीती वाटतेय," मी म्हणाले.

"वाटणारच. मग नकोच ते."

"नाही. तू पदर काढ."

"उजू, ओरडशील गं."

"ओरडेन कदाचित. मी ओरडले तरी तू जाऊ नकोस."

पदर धरलेली तिची बोटं हळूहळू सैल झाली, आणि ती माझ्याकडं वळायला लागली.